उंदीरच का?

नवीन औषध आधी उंदराला, मग माणसाला. हे आपण इतक्यांदा ऐकलंय की "उंदीरच का?" हा प्रश्नच कुणाला पडत नाही. मित्रांनो, माझ्या मते तोच पहिला प्रश्न असायला हवा.

बरीचशी औषधं लिव्हरमधली एन्झाइम्स मोडतात, आणि ती प्रत्येक प्राण्यात सारखी नसतात. १९५८ मध्ये क्विन, अ‍ॅक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी हेक्झोबार्बिटल हे झोपेचं औषध तपासलं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला छोट्या उंदरात सुमारे २० मिनिटं लागली, माणसात तब्बल ६ तास!

मग कुत्रा घ्यावा? टीबीवरचं आयसोनायझिड माणसात मुख्यतः एन-अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज या एन्झाइममुळे मोडतं. कुत्र्यात त्याचे जीन्सच नाहीत! म्हणजे डिझेल इंजिनाची टेस्ट पेट्रोल इंजिनावर घेण्यासारखंच झालं.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग सरसकट फुकट असं मी म्हणत नाही. पण क्रम उलटा हवा. आधी माणसाच्या लिव्हरच्या पेशींत औषध कुठलं एन्झाइम मोडतं ते बघा, मग त्या बाबतीत माणसाशी जुळणारा प्राणी निवडा. जुळत नसेल तर प्रयोग करू नका.

आपल्याकडे प्राणी नीती समितीच्या फॉर्मवर "हीच प्रजाती का?" असं विचारलेलं असतं. तिथे "स्वस्त आहे, सहज मिळतो" एवढं उत्तर चालता कामा नये. चुकीच्या प्राण्याचा जीव तर वाया जातोच, पण चुकीच्या आकड्यावर ठरलेला डोस शेवटी माणसाच्याच पोटात जातो.