‘जिलोत’ : एका शब्दाची दोन रूपे

आपल्या सार्वजनिक जीवनात ‘कट्टर’ या शब्दाला अलीकडे विलक्षण महत्त्व आले आहे. विरोधकाविषयी उच्चारला की तो दूषण ठरतो. आपल्या गटाविषयी उच्चारला की तोच भूषण होतो. निवडणुकीच्या फलकांवर तो अभिमानाने मिरवला जातो आणि वाहिन्यांवरील चर्चेत दुसऱ्याला गप्प करण्यासाठी फेकला जातो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ या शिक्क्यांचा अनुभव आपण लोकमान्यांच्या काळात घेतला आहे. १९०७ साली सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस याच दोन पक्षांत दुभंगली.

तडजोड न मानणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘झेलट’ म्हणतात. या शब्दाचे मूळ आपल्या नव्या कराराच्या जगात आहे. संत लूकने दिलेल्या बारा प्रेषितांच्या यादीत एका शिमोनाला ‘जिलोत’ म्हटले आहे. संत मत्तय व संत मार्क त्यालाच ‘कनानी’ म्हणतात. त्याचा कनान देशाशी संबंध नाही. ‘आवेशी’ या अर्थाच्या अरामी शब्दाचे ते रूप आहे. ग्रीक ‘झेलोस’ म्हणजे उत्कट आस्था आणि ईर्ष्यासुद्धा. एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इ. स. ६ मध्ये रोमने यहुदियात करासाठी नोंदणी केली, तेव्हा गालीलकर यहूदाने बंड पुकारले. ‘देवावाचून दुसरा धनी नाही’ हा त्याच्या अनुयायांचा सिद्धान्त होता, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. पुढे ६६ साली मोठा उठाव झाला आणि त्या युद्धात ‘जिलोत’ हे एका सशस्त्र गटाचे नाव बनले. या गटाने यरुशलेमच्या मंदिराचा ताबा घेतला. पण रोमन सैन्य वेशीवर येऊन ठेपले तरी बंडखोरांचे गट आपसांतच लढत राहिले. त्या लढाईत शहरातील धान्याची कोठारे जळाली. ७० साली मंदिर उद्ध्वस्त झाले. जोसेफस स्वतः रोमनांना शरण गेलेला होता, म्हणून त्याची साक्ष जपून घ्यावी लागते. तथापि परकीयांविरुद्धचा आवेश स्वकीयांवर उलटला, ही गोष्ट नाकारता येत नाही. रोमची जुलमी सत्ता खरी होती, लोकांचे दुःखही खरे होते; म्हणूनच ही शोकांतिका अधिक बोचते.

प्रेषित शिमोन या गटाचा होता काय? युद्धापूर्वी त्या नावाचा संघटित पक्ष होता, असे अनेक अभ्यासक मानत नाहीत. कदाचित तो नियमशास्त्राविषयी आस्था बाळगणारा भाविक असेल. संत पौलही गलतीकरांस लिहिताना आपल्या पूर्वायुष्यासाठी हाच शब्द योजतो. ख्रिस्तसभेचा छळ तो याच आवेशाने करीत होता. रोमकरांस लिहिताना तर तो स्पष्ट सांगतो की, देवाविषयीच्या आस्थेला ज्ञानाची जोड हवी. पौलाचा आवेश पुढे विझला नाही. मात्र त्याने दुसऱ्याला बेड्या घालणे सोडले आणि स्वतः बेड्या पत्करल्या.

म्हणून श्रद्धेवर ठाम राहणाऱ्या प्रत्येकाला ‘कट्टर’ ठरवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. परंतु आपला तो निष्ठावंत आणि दुसऱ्याचा तो माथेफिरू, हा न्यायही ख्रिस्ताचा नव्हे. ज्या निष्ठेची किंमत आपण स्वतः मोजतो ती आणि जिची किंमत शेजाऱ्याकडून वसूल करतो ती, या दोहोंत अंतर आहे. हा निकष इतर धर्मीयांना लावण्यापूर्वी आपण आपल्या धर्मग्रामाला, आपल्या संघटनांना व भ्रमणध्वनीवरून पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांना लावून पाहावा.

प्रभूने निवडलेल्या बारा जणांत जिलोत शिमोन होता आणि जकातदार मत्तयही होता. रोमच्या छत्राखालील राजवटीची जकात गोळा करणारा आणि पुढे बंडाशी जोडले गेलेले नाव धारण करणारा, असे दोघे एकाच पंक्तीला बसले. मत्तयाने जकातनाका सोडला. शिमोनाने काय सोडले हे शुभवर्तमान सांगत नाही. त्याचे नाव मात्र त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिले. ते नाव घेऊनही मत्तयाशेजारी बसता येते, एवढे त्या पंक्तीने दाखवून दिले आहे.