नाकापेक्षा मोती जड



शेतकी खात्याने लागणीबद्दल लिहावे, बेण्याबद्दल लिहावे, खताच्या मात्रेबद्दल लिहावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. या वेळी मात्र आम्ही ट्रकच्या समोरच्या जाळीबद्दल लिहिणार आहोत. "साहेब शेतकी पदविका सोडून मिस्त्रीपण करायला लागले काय?" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. ऊस शिवारात कितीही चांगला आला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत तो साखर नव्हे. आणि शिवार व गव्हाण यांच्या मध्ये उभा असतो तो ट्रक.

गेल्या हंगामातली गोष्ट. फेब्रुवारीतली भर दुपार. सोळा टन ऊस भरलेला एक ट्रक चढावर बंद पडला. इंजिन तापून हेडचे पॅकिंग गेलेले. तालुक्याहून फिटर यायला संध्याकाळ झाली. दुसरी गाडी मिळून ऊस तिच्यात भरेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. टोळीची माणसे फडात गाडीची वाट बघत बसून राहिली. त्यांची मजुरी टनावर, बसून राहिल्याची नव्हे. तो ऊस काट्यावर आला तेव्हा आम्ही हजर होतो. कांड्या सुकलेल्या, टोके लाल पडलेली. वजनात घट आली ती आलीच.

आता मुद्दा असा, की तो ऊस ट्रकमालकाचा नव्हता. तो होता दीड एकराच्या एका सभासद बाईंचा. त्यांचा त्या ट्रकच्या जाळीशी काय संबंध? पण घट त्यांच्या बिलात आली.

ट्रकमालकही परका नव्हे, आपल्याच सभासदाचा मुलगा. आम्ही त्याला विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, कंपनीची जाळी प्लास्टिकची, ती तुटली. स्टीलची नवी करून घेतली. तर आतलं ते पांढरं डबडं समोरनं दिसाय लागलं. चारचौघांत बरं दिसंना, म्हणून मागनं काळा पत्रा मारला. दोन महिने तर काय झालं नाही!"

ते पांढरे डबडे म्हणजे इंटरकूलर. त्याचे काम काय, हे साध्या शब्दांत सांगतो. हल्लीच्या डिझेल ट्रकला टर्बो असतो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. सायकलीत हवा भरताना पंप जसा खालून तापतो, तशी दाबलेली हवा तापते; ती शंभर अंशांच्या वर सहज जाते. तापलेली हवा विरळ, म्हणजे तिच्यात प्राणवायू कमी. म्हणून ती इंजिनात जाण्याआधी ॲल्युमिनियमच्या या जाळीदार खोक्यातून फिरवून थंड करतात. थंड हवा दाट असते आणि डिझेल पुरते जळते. हे खोके बहुधा रेडिएटरच्या पुढे बसवलेले असते, कारण त्याला समोरचे वारे हवे असते. त्याच्यापुढे पत्रा मारला की इंटरकूलरही उपाशी आणि मागचा रेडिएटरही उपाशी. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, डिझेल जास्त पिते आणि शेवटी तापते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. इंजिन फार तापले की त्या आपली ताकद आपणच कमी करतात. मग भरल्या गाडीने चढ चढायचा कसा?

मग दोन महिने काही झाले नाही, ते का? तर डिसेंबर-जानेवारीची थंडी, आणि खेपा पहाटेच्या. थंडीने झाकलेली चूक फेब्रुवारीच्या उन्हाने उघडी पाडली. शिवाय मोकळी गाडी डांबरी रस्त्यावर पळते तेव्हा वारे आपोआप आत शिरते. ऊस भरलेली गाडी पाणंदीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते, तेव्हा सारा भार मागच्या पंख्यावर. त्याच वेळी आपण तिचे नाक दाबून धरायचे, हे शहाणपण नव्हे.

कोणी म्हणेल, ड्रायव्हरने हौस करूच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. हंगामाचे चार-पाच महिने जो माणूस घर सोडून गाडीतच जेवतो, गाडीतच झोपतो, त्याने ती नटवली तर बिघडले कुठे? बैलाची शिंगे रंगवणारी आपण माणसे. पण पोळ्याला कोणी बैलाच्या नाकपुडीवर झूल बांधत नाही. नटवायचे ते कपाळावर, पाठीवर. ट्रकचेही तसेच. नाव, देवाचा फोटो, गोंडे, रंग हे सारे केबिनच्या वर आणि बाजूला करा. लिंबू-मिरचीने काही अडत नाही. अडते ते पत्र्याने, मोठाल्या अक्षरांनी आणि जाळीवर ताणून बांधलेल्या फलकाने.

जाळी बदलायचीच असेल तर काय पाहावे? नवी जाळी मूळ जाळीपेक्षा जास्त बंद नसावी. काडी जाड आणि भोक बारीक, अशी जाळी घेऊ नये. जुनी काढताना तिच्या कडेचे रबर, फोम आणि वारे आत वळवणाऱ्या पट्ट्या भंगारात टाकू नयेत. त्या नसल्या तर वारे इंटरकूलरला वळसा घालून निघून जाते. इंटरकूलरची चमक डोळ्यांत खुपतच असेल तर पुढे काळ्या रंगाची मोकळी जाळी लावा. लांबून आतले फारसे दिसत नाही. अथवा उष्णता सोसणारा, न चमकणारा काळा रंग फवाऱ्याने अगदी पातळ मारून घ्या. ब्रशने थापू नका. पापुद्र्यांच्या मधल्या फटी बुजल्या की पत्रा मारल्यासारखेच झाले. दिसू नये म्हणून झाकायचे नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरे, पाचट. फडातला पाला आणि धूळ जाळीत अडकून तिची गादी बनते. पाचट अडावे म्हणून काही जण मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावतात. ती रोज झटकली तर ठीक, नाही झटकली तर तीच शत्रू. हंगामात रोज सकाळी समोरून एकदा हात फिरवावा. हवा मारायची ती इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला. पाण्याचा जोराचा फवारा जवळून मारू नये, पापुद्रे वाकतात. ट्रॅक्टरवाल्यांनीही हे आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे.

पुढचे लोखंडी गार्ड हा तर कायद्याचाच प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई आहे. त्याच्या आधारे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अशा गार्डांवर कारवाई करण्याविषयी राज्यांना कळवले होते.

आता पैशाचा हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एका ट्रकने कारखान्याचा उतारा पडत नाही, हे आम्हांलाही कळते. पण तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा म्हणून आम्ही वर्षभर घसा कोरडा करतो. असे पाच-पंचवीस ट्रक वाटेत अडकले, रस्ता अडला, यार्ड मोकळे पडले आणि 'नो केन'ने गाळप थांबले, की तो फटका सर्वांच्या पदरात येतो. सहकारात फायदा वाटून मिळतो, तशी चूकही वाटून मिळते.

शेवटी आमचीही चूक सांगतो. मोळी पूजनाच्या दिवशी सगळ्यांत नटलेल्या गाडीला पहिला नारळ देणारे आम्हीच. तो काळा पत्रा मारलेला ट्रकही त्या रांगेत होता आणि आम्हीच त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढून घेतला! समोरून कोणी वाकून पाहिले नाही. तेव्हा आमचे मत असे, की वाहतुकीचा करार करताना मागचे रिफ्लेक्टर जसे पाहतात तशी पुढची जाळीही पाहावी. पत्रा दिसला तर काढून घेतल्याशिवाय सही करू नये. आणि नारळ द्यायचाच तर हंगामाच्या शेवटी, जी गाडी एकही दिवस वाटेत न थांबता खेपा करील तिला द्यावा.

त्या सभासद बाई बिलाच्या दिवशी आम्हांला एवढेच म्हणाल्या, "साहेब, ऊस तर चांगला होता की वो." त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या हंगामात तरी तशी वेळ कोणावर येऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

— ऊस विकास विभाग