हरणांसाठीं मीठ ठेवावें काय?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं नववीच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी वर्गणीची पिशवी घेऊन आम्हांकडे आले. पिशवींत सहाशें चाळीस रुपये होते. गुरांसाठीं बाजारांत मिळणाऱ्या क्षारांच्या चाटणविटा त्या पैशांत घ्याव्या व पालघरच्या पूर्वेकडील डोंगरांत हरणांसाठीं ठेवाव्या, असा त्यांचा बेत होता. रानांतील हरणांस मिठाची भूक असते, असें त्यांनीं कोठें तरी वाचलें होतें. आम्ही नकार दिला. घंटा झालेली असल्यामुळें कारणें सांगण्यास वेळ मिळाला नाहीं, आणि मुलें हिरमुसून निघून गेलीं. तीं कारणें येथें लिहून काढणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

मुलांचें म्हणणें शास्त्रदृष्ट्या चुकीचें नव्हतें, हें आधीं कबूल केलें पाहिजे. बहुतेक वनस्पतींस सोडियमची गरज जवळजवळ नसते. म्हणून त्यांच्या पानांत तो अत्यल्प असतो, पोटॅशियम मात्र भरपूर. पाला खाऊन जगणाऱ्या प्राण्यास ही तूट दुसरीकडून भरून काढावी लागते, आणि पहिल्या पावसानंतरचें कोवळें, पाणीदार गवत खाऊं लागलें म्हणजे ती अधिकच जाणवते. त्यांत नराच्या शिंगांची भर. सांबर, चितळ व भेकर यांचीं शिंगें बैलाच्या शिंगांसारखीं जन्मभर टिकत नाहींत. तीं गळतात व पुन्हां नवीं फुटतात. इतक्या वेगानें वाढणारें हाड प्राणिसृष्टींत क्वचितच सांपडेल. त्यासाठीं लागणारा चुना व फॉस्फरस चाऱ्यांतून पुरेसा मिळाला नाहीं, तर हरिण तो आपल्याच बरगड्यांतून उसना घेतें. गळून पडलेलीं शिंगें हरणें कुरतडतात, तींहि याच गरजेपोटीं. गाभण व दूध पाजणाऱ्या मादीचा खर्च वेगळाच. म्हणून जेथें खारट माती उघडी पडलेली असते तेथें रानांतील जनावरें दुरून येऊन ती चाटतात. अशा जागेस चाटण म्हणतात, आणि कित्येक अभयारण्यांत वनखातें स्वतःच अशीं चाटणें तयार करितें.

पण जें ताडोब्याच्या रानास लागू तें आमच्या मुलखास लागू असेलच असें नाहीं. आमच्या पश्चिमेस सातपाटी, केळवें, तारापूर असा सलग किनारा आहे. पावसाळ्यांत समुद्रावरून येणारा वारा खारट तुषार घेऊन येतो व ते पावसाबरोबर जमिनीवर उतरतात. किनाऱ्यापासून जसजसें आंत जावें तसतसें हें प्रमाण घटतें. शिवाय मनोरच्या बाजूस सातिवली, हालोली, कोकनेर येथें उन्हाळीं आहेत, आणि त्यांच्या पाण्यांत सोडियम व चुना हे दोन्ही क्षार विरघळलेले आहेत. मीठ नाहीं म्हणून आमच्या टेकड्यांवरील भेकर खंगलें, असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. जव्हार-मोखाड्याच्या उंच पठारावर, जेथें समुद्र दूर आणि पावसानें माती धुवून निघालेली, तेथें कदाचित् निराळें उत्तर येईल. तें माती तपासून ठरवावें. वर्गणी जमवून नव्हे.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास थोडा संकोच वाटतो. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच बी. एड्. होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलों होतों तेव्हां, हेंच काम आम्ही स्वतः केलें आहे. पांच-सहा मुलांस बरोबर घेतलें, जाड्या मिठाचें अर्धें पोतें खांद्यावर टाकलें आणि एका टेकडीच्या मागच्या उतारावर, जुन्या वारुळाच्या बुडाशीं तें मीठ मातींत कालवून ठेवलें. वनखात्याची परवानगी घ्यावी लागते हें आम्हांस ठाऊक नव्हतें, किंवा ठाऊक करून घेण्याची आम्हांस इच्छा नव्हती. पहिल्या आठवड्यांत तेथें गुरांचेच खूर उमटले. दुसऱ्या आठवड्यांत त्या खुरांच्या कडेला लहान, टोंकदार असे दोन ठसे दिसले, आणि भेकर आलें म्हणून मुलें नाचलीं. आम्हीहि नाचलों असें म्हटलें तरी चालेल. चौथ्या आठवड्यांत गेलों तों वारुळाकडे येणाऱ्या पायवाटेवर, गुडघ्याइतक्या उंचीवर, तारेचा फांसा लावलेला होता. तो रिकामा होता, परंतु तारेस तांबूस केस चिकटले होते व खालची माती उकरलेली होती. बरोबरच्या मुलांपैकीं कोणी बोललें नाहीं. परत येतांना एकानें एवढेंच विचारलें, "सर, आपण मीठ ठेवलें नसतें तर तें इकडे आलें असतें का?"

फांसा कोणीं लावला तें कळलें नाहीं. अशा वेळीं रानालगतच्या पाड्यांकडे बोट दाखविण्याची शहरी माणसास मोठी हौस असते. ती आम्हांस मान्य नाहीं. जनावरानें कोणत्या वाटेनें, कोणत्या वेळीं यावें हें आम्हीं ठरवून दिलें होतें. फांसा लावणाराचें अर्धें काम आमच्या हातून झालें होतें.

ही गोष्ट शिकाऱ्यांस फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रूपांत चाटणावर, पाणवठ्यावर अथवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार करण्यास स्वतंत्र कलमानें मनाई होती. पुढें १९९१ च्या दुरुस्तीनें तें कलम गळालें, कारण परवाना काढून शिकार करण्याची सोयच उरली नाहीं. चोरून मारणारास मात्र चाटण अजून तितकेंच सोयीचें आहे.

दुसरें भय रोगाचें. अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें १९६७ सालीं हरणांचा एक क्षयकारी मेंदूरोग प्रथम आढळला. तो लाळेंतून पसरतो व मातींत दीर्घकाळ टिकतो. त्यामुळें तेथील कित्येक राज्यांनीं हरणांस एकत्र गोळा करणारीं मिठाचीं व चाऱ्याचीं ठिकाणें बंद केलीं. आपल्या देशांत तो रोग आढळलेला नाहीं, पण लाळ्या-खुरकूत आहे, आणि तोहि लाळेंतूनच जातो. आमच्या डोंगरांत गुरें पुष्कळ व हरणें थोडीं. एकाच खड्यास दोघांची जीभ लागली तर काय होईल हें शेतकऱ्याच्या मुलास सांगण्याची गरज नाहीं.

आणि रस्ते. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ मध्यें सुरू झालें, पुढें बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली, पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग रात्रंदिवस वाहतो. या सर्वांच्या मधल्या रानाचे तुकडे पडलेले आहेत. कॅनडांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ कडेच्या डबक्यांत सांचतें, तें पिण्यास मूस नांवाचीं प्रचंड हरणें येतात व मोटारींखालीं सांपडतात. आमच्या विटेपायीं एखादें भेकर महामार्ग ओलांडावयास निघालें तर त्यास आम्ही कोणत्या तोंडानें उपकार म्हणावें?

कोणी म्हणेल, मग वनखातें तरी तें कां करितें? खातें जागा निवडतें ती आंतल्या रानांत, गुरांपासून दूर. आणि तेथें पहारा ठेवण्याचा अधिकार व माणसें त्याच्यापाशीं असतात. त्यांतहि हयगय होत असेल. पण पहारा न ठेवतां ठेवलेलें चाटण हा निव्वळ सांपळा होय, मग तें कोणीं कां ठेवलेलें असेना.

सहाशें चाळीस रुपये अजून आमच्या टेबलाच्या खणांत आहेत. विटा घ्याव्याच, पण त्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या गोठ्यांत टांगाव्या, असें आम्हीं सुचविलें आहे. फॉस्फरस कमी पडलेलें गुरूं रानांत कुजकीं हाडें चघळतें व कधीं कधीं त्या विषानें मरतें. गोठ्यांत वीट असेल तर तें टळण्याचा संभव आहे, आणि मीठ शोधीत गुरें हरणांच्या जागीं जाण्याचें कारणहि थोडें कमी होईल. मुलांपैकीं दोघांस हें पटलें. बाकीचे म्हणतात कीं, वर्गणी हरणांच्या नांवानें गोळा केली, ती गुरांवर कशी खर्चावी? प्रश्न रास्त आहे. ज्यांनीं पैसे दिले त्या प्रत्येकास पुन्हां विचारून या, असें सांगून आम्हीं त्यांस यादी परत दिली आहे. त्यांतील एकोणीस जणांचीं उत्तरें यावयाचीं आहेत.