वाड्यातली प्रभा आणि आपल्या घरातली



महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. पुढे १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी त्याच्या पुढच्या दोन भागांसह तिन्ही नाटके सलग सादर केली. अलीकडे त्यांनीच 'वाडा' पुन्हा उभा केला. तो प्रयोग मी धाकट्या बहिणीला घेऊन पाहिला.

खरे सांगतो, आधी मन तयार नव्हते. विदर्भातल्या देशपांड्यांचा वाडा. अशा वाड्याच्या ओसरीवर आपल्या आजा-पणजाला कुणी बसू दिले असते? मग तो खचला तर आपण का हळहळायचे?

पण गोष्ट निघाली आपल्या ओळखीची. घरातले कर्ते तात्याजी वारले आहेत. ट्रॅक्टर दारात गंजत पडला आहे. हातात पैसा नाही. तरीही वाड्याच्या इभ्रतीला शोभेल असे तेरावे झालेच पाहिजे, ही थोरल्या भास्करची चिंता. मुंबईहून आलेला सुधीर खर्चाचा विषय निघाला की मागे सरतो. चंदू गड्यासारखा राबतो. आणि प्रभा! तिला शिकायचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. गावजेवणाच्या खर्चावर घरात खल होतो. प्रभाचे काय, हे कुणी विचारत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण पाळतो. मात्र जलदान विधीच्या नावाने पंगती उठवतो, त्याचे काय? आमचे वडील गेले तेव्हा 'लोक काय म्हणतील' म्हणून मी कर्ज काढून जेवण घातले. बी.कॉम. झालेला, दिवसभर आकडेमोड करणारा कारकून मी; पण घरचा हिशेब चुकला. त्याच वर्षी बहिणीला डी.एड.ला प्रवेश मिळत होता. फीला पैसे उरले नाहीत. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

नाटक सुटल्यावर ती एवढेच म्हणाली, "दादा, तिचं पण राहिलंच की." मला उत्तर सुचले नाही. कसबा बावड्यात घरी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

देशपांड्यांना निदान विकायला जमीन होती. आपल्याकडे विकायला काय आहे? आपली इस्टेट म्हणजे मुलांचे शिक्षण. तीच गहाण टाकून पंगत वाढायची काय?

म्हणून सुचवतो. वंदना घ्या, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोला, आलेल्यांना चहा द्या. जेवणाचा पैसा घरातल्या शिकणाऱ्या मुलीच्या नावे पोस्टात टाका. घरात मुलगी नसेल तर गल्लीतल्या एखादीची फी भरा. भावकी चार दिवस बोलेल. बोलू द्या. माझ्या बहिणीचे गेलेले वर्ष मात्र परत येत नाही.

जयभीम.