सागराचे राखणदार

आज श्रावणी पौर्णिमा. घरोघरी बहिणी भावांच्या मनगटांवर राख्या बांधतील, नारळीभाताचा नैवेद्य होईल आणि कोकणच्या किनाऱ्यावर वाजतगाजत समुद्रास नारळ अर्पण केला जाईल. रक्षणाचे वचन आणि सागराचे पूजन ही दोन्ही एकाच तिथीस यावीत, यात आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना मोठा अर्थ दिसतो. ज्याची पूजा करावयाची, त्याची राखणही करावयाची. म्हणूनच आजच्या मंगल दिवशी एक कटू विषय वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आमच्या मालवणकडे किनाऱ्यालगतच्या खडकांच्या कपारींत शेवंड राहते. मादी आपली अंडी पोटाखाली चिकटवून बाळगते, आणि मोठ्या मादीपाशी ती लाखांच्या घरात असतात. त्यांतून निघालेली पिले कित्येक महिने प्रवाहाबरोबर तरंगत राहतात. त्यांतील फारच थोडी तळाशी येऊन वाढीस लागतात. निसर्गाने एवढी उधळण केली आहे ती एवढ्यासाठीच की, शेवटी मूठभर तरी जगावीत. अशी अंडी धरलेली मादीच जाळ्यात ओढली गेली, तर एका जेवणापायी एक पिढी संपते.

शेवंडीस मोल मोठे. त्या मोलापायी रात्रीच्या अंधारात परवाना नसलेल्या अगर बंदी मोडणाऱ्या नौका किनाऱ्याजवळ येतात आणि जिथे त्यांना मज्जाव आहे तिथे जाळी टाकतात. कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. २०२१ साली दुरुस्ती होऊन त्यातील दंडाच्या रकमा बऱ्याच वाढविण्यात आल्या. ठरावीक वाव खोलीच्या आत ट्रॉलरना जाळे ओढण्यास मनाई आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालीच घोषित झाले. शेवंड निर्यात करावयाची तर तिचे किमान वजन किती असावे, हेही केंद्र शासनाने २००३ साली ठरवून दिले : चिखलाळ तळावरील काटेरी शेवंडीस ३०० ग्रॅम, वाळूतील चपट्या शेवंडीस १५० ग्रॅम. २०२५ च्या जानेवारीत राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली. तरीही एवढ्या विस्तीर्ण जलाशयावर सरकारी डोळा सर्वकाळ कोठवर पुरणार? किनाऱ्यावर रात्रंदिवस असतो तो आमचाच डोळा.

तो मिटून घेतल्यास काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. मुंबईच्या समुद्रात वाळूतील चपटी शेवंड एके काळी ट्रॉलरच्या जाळ्यांत मुबलक मिळे. अंडी धरलेल्या माद्या आणि कोवळी पिले यांचीही सरसकट उचल होत राहिली, आणि १९९४ च्या सुमारास तिची मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. समुद्र अथांग आहे, म्हणून त्यातील धनही अक्षय आहे, हा आपला भ्रम त्या एका जीवाने फोडला.

आमच्यापैकी पुष्कळांना तक्रार करणे म्हणजे चहाडी वाटते. "आपल्याच गावच्या पोरांच्या पोटावर पाय कसा आणावा?" असे विचारले जाते. या प्रश्नात माणुसकी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. नौकेवरचा खलाशी गरीब असतो. नफा बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तिजोरीत जातो. परंतु त्याच गावात रापणीचा दोर ओढणारे, छोट्या पातीवर जाणारे शेकडो हात आहेत. रापणीत दोर ओढणाऱ्या प्रत्येकास वाटा मिळतो. चोरट्या जाळ्यात तो एकट्याचा होतो. मोठा मासा लहानास गिळतो त्या अवस्थेस आपल्या शास्त्रकारांनी मत्स्यन्याय म्हटले, आणि तो थांबविणे हे राजधर्माचे पहिले काम मानले. मोठ्या माशापासून मला वाचव, अशी याचना करणाऱ्या चिमुकल्या मत्स्याला मनूने ओंजळीतून घरी नेले, ही कथा आपण मुलांना सांगतो. ती केवळ सांगण्यापुरती आहे काय?

मात्र राखण करावयाची ती विवेकाने. भर समुद्रात नौका अडवू नये, हातघाईवर येऊ नये; त्यात जीव जातात आणि खरा अपराधी बाजूला राहतो. दिवस, वेळ, ठिकाण आणि नौकेच्या कडेला रंगविलेला नोंदणी क्रमांक टिपून ठेवावा. किनाऱ्यावरून छायाचित्र घेता आले तर उत्तमच. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयास आणि सागरी पोलीस ठाण्यास, अभयारण्यात प्रकार घडल्यास वन विभागास, लेखी कळवावे व पोच घ्यावी. एकट्याने सही करण्यास भय वाटते, तेथे मच्छीमार सोसायटीने वा ग्रामसभेने सही करावी. संशयास्पद नौकांवर नजर ठेवण्यासाठी गावोगावी सागर रक्षक दले आहेतच. त्यांच्या नजरेस हाही अपराध दिसावा. आणि कळविल्यानंतर काय झाले, हे विचारण्याचा हक्क कोणी सोडू नये.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांचेही येथे काम आहे. श्रावण पाळणारी घरे महिना सरल्यावर कोकणात येतात, हौसेने शेवंड मागतात. ताटातली शेवंड हाताएवढी लहान असेल, तर नम्रपणे नको म्हणावे. विकत घेणारा नसेल, तर चोरून धरणाराही राहणार नाही.

आमच्या गावांच्या वेशीवर राखणदाराचे स्थान असते. वर्षातून एकदा त्याला नारळ ठेवून आम्ही निर्धास्त झोपतो. समुद्राच्या वेशीवरचे राखणदार मात्र आम्हीच आहोत. आज पाण्यात नारळ सोडताना दर्यावर गेलेल्यांना सुखरूप परत आण, असे मागणे मागूच. त्याबरोबर, दिसलेला अपराध दडविणार नाही, एवढे वचनही त्या वरुणदेवास द्यावे, ही सर्वांस प्रार्थना.