बँडला टाळ्या नकोत, तिकीट काढा

‘पॅशन असेल तर बँड टिकतोच.’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने कधी ड्रमकिट टेम्पोत चढवलेलं नसणार. टेम्पोवाला पॅशन घेत नाही, भाडं घेतो.

रॉक मशीनचं बघा. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला बँड. बाकीचे परदेशी गाण्यांच्या नकला वाजवण्यात खूश होते, तेव्हा या पोरांनी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये अल्बम काढला. १९९३ मध्ये नाव बदलून ते इंडस क्रीड झाले. एमटीव्हीवर त्यांचे व्हिडिओ लागायचे. तरी १९९७ मध्ये बँड थांबला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी पुन्हा एकत्र आली ती २०१० मध्ये. म्हणजे मधली १३ वर्षं कोरी. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या बँडची ही गत!

पेंटाग्रामने १९९६ ते २०११ या काळात चार अल्बम काढले. २००५ मध्ये ते इंग्लंडच्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलमध्ये वाजवून आले. पण त्याच वर्षांत त्यांचा गायक विशाल ददलानी हिंदी सिनेमांना संगीत देत होता. बाजूला सिनेमा नसता, तर बँडने एवढा तग धरला असता? मला नाही वाटत.

यावर माझे ऑफिसातले मित्र म्हणतात, ‘आता स्ट्रीमिंग आहे ना!’ आहे की. पण २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याची रॉयल्टीच मिळत नाही. आम्ही इंजिनिअर लोक याला थ्रेशोल्ड म्हणतो. नव्या बँडसाठी ते बंद दार आहे.

आता आपल्या नाशिककडे या. इथे सुलाफेस्ट होतो, २००८ पासून. द्राक्षमळ्यात मोठं स्टेज, बाहेरचे बँड, मस्त फोटो. पण वर्षातून एकदा! उरलेले दिवस गावातल्या बँडने कुठे वाजवायचं? माझ्या मित्रांच्या बँडला एका कॅफेने सांगितलं, ‘पैसे नाहीत, पण एक्स्पोजर मिळेल.’ वर प्रत्येकी एक कोल्ड कॉफी. तीन तास वाजवलं पोरांनी.

आणि गंमत म्हणजे कलाकाराला पैसे कसे द्यायचे, हे मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे. नाटक बघा. दादरचं शिवाजी मंदिर, पुण्याचं बालगंधर्व, नाशिकचं कालिदास. नाटक बसने गावोगाव फिरतं, लोक तिकीट काढतात, प्रयोगांचे आकडे जाहिरातीत मिरवतात. तमाशाचंही तसंच. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावकारभारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. ही सगळी व्यवस्था कुणा कंपनीच्या मेहेरबानीवर उभी राहिलेली नाही. प्रेक्षकाच्या खिशातून उभी राहिली आहे.

मग चार पोरं गिटार घेऊन आली की आपण फुकटे का होतो?

‘रॉक आपल्या मातीतला नाही’ हे उत्तर मला सांगू नका. हार्मोनियमही परदेशातूनच आली आणि आपल्या भजनात जाऊन बसली. अभंग रिपोस्टसारखा बँड तुकोबांचे अभंग गिटार-ड्रम्सवर गातो आणि लोक ऐकतात. भाषेची अडचण नाही, मातीचीही नाही. अडचण आहे ती सवयीची. आपण बँडला करमणुकीची फुकट सोय समजतो, प्रयोग समजत नाही.

माझी मागणी साधी आहे. नाट्यगृहाच्या रिकाम्या दुपारी बँडला परवडणाऱ्या भाड्यात द्या. बंद हॉलमध्ये दुपारी वाजवलं, तर रात्री १० च्या नियमाचाही प्रश्न येत नाही. बँडनेही नाटकवाल्यांसारखा दौरा आखावा: नाशिक, नगर, पुणे, कोल्हापूर. १०० माणसं, २०० रुपये तिकीट, म्हणजे २०,००० रुपये. त्यातून घर चालणार नाही, पण टेम्पोचं भाडं निघेल, स्टुडिओचे थोडे तास निघतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवता येईल. बँड मोठा होतो तो असाच, एकामागून एक प्रयोग करत.

आणि तुम्ही? मित्राचा बँड वाजवणार असेल तर ‘भावा, पास आहे का?’ असा मेसेज टाकू नका. तिकीट काढा आणि वेळेवर या.