पंचांचा निकाल आणि यजमानांची मर्जी

"ज्याच्या घरचे कार्य, त्याने पंगतीस कोणाला बसवावे हे त्यानेच ठरवावे. त्यात तिऱ्हाइतांचा संबंध काय?" चुडाव्याच्या स्टेशनावर नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो असता आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी हा प्रश्न टाकला, आणि बाकावरच्या मंडळींनी माना डोलाविल्या. विषय होता गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा. महोत्सव सरकारचा, खर्च सरकारचा, तेव्हा नको असलेला चित्रपट गाळण्याचा अधिकारही सरकारचाच, असा स्नेह्यांचा एकंदर कोटिक्रम. तो इतक्या ठिकाणी आणि इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकावा लागतो की त्याचा एकदा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

ज्या प्रकरणावरून हा वाद निघाला ते वाचकांस आठवत असेल. २०१७ च्या नोव्हेंबरात भरलेल्या महोत्सवाच्या 'इंडियन पॅनोरमा' विभागासाठी सरकारनेच तेरा जणांचे परीक्षक मंडळ नेमले होते. सुजॉय घोष त्याचे अध्यक्ष. मंडळाने रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट विभागाच्या आरंभी दाखविण्यासाठी निवडला, आणि सनलकुमार शशिधरन यांच्या 'एस दुर्गा' या मल्याळम चित्रपटासही स्थान दिले. पुढे यादी जाहीर झाली तेव्हा दोन्ही नावे तीतून नाहीशी झालेली होती. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती परीक्षकांस न विचारता काढली होती. घोष यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्यामागून आणखी दोघे परीक्षक बाहेर पडले. 'न्यूड' अपुरा आहे, अशी सबब पुढे करण्यात आली. 'एस दुर्गा' दाखवावा असा हुकूम केरळच्या उच्च न्यायालयाने दिला, तरी महोत्सवाचा पडदा पडेपर्यंत तो दाखविला गेला नाही.

आणि 'न्यूड'मध्ये होते तरी काय? मुलाला शिकवावे म्हणून मुंबईच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांपुढे चित्रासाठी बसणारी एक गरीब बाई. पुढच्याच जानेवारीत सेन्सॉर मंडळाच्या विशेष समितीने, जिच्या प्रमुख विद्या बालन होत्या, एकही काट न सुचविता त्यास प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले, आणि एप्रिलात तो चित्रपटगृहांतून लागला. ज्यापासून महोत्सवातील निवडक प्रेक्षकांना वाचवावयाचे होते ते पाच महिन्यांत तिकीट काढणाऱ्या कोणाही प्रौढास खुले झाले!

आता स्नेह्यांच्या पंगतीकडे वळू. लग्नघरी यजमान परीक्षक नेमीत नाही. वाटेल त्यास बोलावतो, वाटेल त्यास वगळतो, आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही. सरकारनेही तसे करावयास हरकत नव्हती. "आमच्या आवडीचे सव्वीस चित्रपट" अशी पाटी लावून मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी यादी केली असती, तर आम्ही ती वाचून बाजूला ठेवली असती. परंतु परीक्षक मंडळ बसविले की ही पंगत राहत नाही, कुस्तीचा फड होतो. आमच्या भागातील फड ज्यांनी पाहिले आहेत त्यांस निराळे सांगावयास नको. इनाम लावणारा कोणी सावकार असो की पुढारी, पंचांनी पाठ लागली म्हटल्यावर त्यास खिशात हात घालावाच लागतो. त्याच्या मर्जीतला गडी चीत झाला म्हणून निकाल फिरू लागला, तर पुढल्या वर्षी त्या फडास नामांकित मल्ल येणार नाही, आणि हलगी ऐकून जमणारी गर्दीही ओसरेल.

सिनेमाच्या फडात हे असेच घडलेले आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला, याचा आपणां मराठी माणसांस रास्त अभिमान आहे. त्याच व्हेनिसला पुढल्याच वर्षी काय झाले ते मात्र आपण फारसे सांगत नाही. मुसोलिनीच्या नावाचा चषक लेनी रिफेनस्टाल या जर्मन बाईंच्या 'ऑलिंपिया'स गेला. इटालियन चित्रपटांसाठीचा चषक ज्या चित्रपटास मिळाला, त्याच्या निर्मितीवर खुद्द मुसोलिनीच्या चिरंजीवांची देखरेख होती. परीक्षकांवर वरून दडपण आले होते हे उघड गुपित होते. फ्रेंच मंडळी संतापून परतली आणि त्यांनी कान येथे आपला स्वतंत्र महोत्सव योजला. युद्धामुळे तो १९४६ पर्यंत भरू शकला नाही, एवढेच. आम्ही येथे राज्यपद्धतींची तुलना करीत नाही. महोत्सवाची अब्रू कशाने जाते तेवढेच दाखवीत आहो.

ती अब्रू गेल्याने खरे नुकसान कोणाचे होते? पणजीस जाऊन रोज चार चित्रपट पाहणाऱ्यांचे फारसे नव्हे. नुकसान होते ते आमच्यासारख्यांचे, ज्यांस एखादा चांगला चित्रपट पाहावयाचा तर आधी गाडी धरावी लागते. मुंबईच्या खालच्या न्यायालयात घडणाऱ्या 'कोर्ट' नावाच्या संथ चित्रपटाची वार्ता आमच्यापर्यंत आली ती २०१४ साली व्हेनिसच्या परीक्षकांनी त्यास एका विभागात सर्वोत्कृष्ट ठरविले म्हणून. 'किल्ला' कळला तो बर्लिनमधल्या मुलांच्या परीक्षक मंडळाने त्यास गौरविल्यामुळे. परीक्षकांचा शिक्का हीच दूरच्या माणसाची पारख असते. तो शिक्का खरा की मंत्रालयातून उठलेला, असा संशय एकदा आला की आम्ही कोणाच्या भरवशावर गाडी धरावी?

परीक्षक हेही काही देवमाणूस नव्हेत. त्यांचे कंपू असतात, लहरी असतात, आणि कित्येकदा न कळणाऱ्यालाच ते थोर समजतात. २०२२ साली याच महोत्सवाच्या समारोपात परीक्षकांचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिड यांनी 'द काश्मीर फाइल्स'ला व्यासपीठावरून प्रचारकी आणि हीन ठरविले. त्यावर मंडळातील सुदीप्तो सेन यांनी ते अध्यक्षांचे वैयक्तिक मत म्हटले, तर उरलेल्या तिघांनी अध्यक्षांस दुजोरा दिला. आमच्या मते पारितोषिक न देण्यात परीक्षकाचे म्हणणे पुरते येते; हरलेल्या मल्लास फडातच बोल लावणे पंचास शोभत नाही. पण एवढा गदारोळ होऊनही त्या वर्षीचा सुवर्णमयूर परीक्षकांनी ज्या कोस्टा रिकाच्या चित्रपटास दिला त्याच्याकडेच राहिला, हेही नमूद केले पाहिजे. पंच आवडत नसतील तर निवडतानाच डोळ्यांत तेल घालावे, त्यांची नावे आधी जाहीर करावी, पुढल्या वर्षी दुसरे आणावे. निकालाला मात्र हात लावू नये.

स्नेह्यांस हे सारे पटेना. तेव्हा आम्ही विचारले, "तुम्ही विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासता. मेहनताना विद्यापीठ देते. उद्या तेथल्या एखाद्या साहेबांनी तुम्हांस न विचारता दोन मुलांची नावे उत्तीर्णांच्या यादीतून काढली, तर?"

"छे, छे! ते निराळे," ते म्हणाले.

निराळे कसे, हे मात्र गाडी फलाटास लागेपर्यंत त्यांच्याकडून समजले नाही.